चौकटीशेजारी एक खातं मांडा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विकास सोसायट्यांच्या संगणकीकरणाच्या बातम्या आपल्या अंकात वरचेवर येतात. केंद्र सरकारने २९ जून २०२२ रोजी देशातल्या ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्था एका समान संगणक प्रणालीवर आणायला मंजुरी दिली आणि त्यासाठी २,५१६ कोटी रुपये ठरवले. आपल्या गावोगावच्या विकास सोसायट्या म्हणजे त्याच पतसंस्था. मी पलूस तालुक्यात कृष्णाकाठच्या सोसायट्यांत ३१ वर्षं गटसचिव, म्हणजे सोसायट्यांचं दप्तर सांभाळणारा सचिव, म्हणून काम केलं. त्या कामातून एक गोष्ट मला मनापासून पटली आहे, ती प्रणाली करणाऱ्यांच्या आणि वापरणाऱ्यांच्या कानावर जावी म्हणून हे पत्र.

आधीच सांगतो, मी संगणकाच्या विरोधात नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा आमच्या कार्यालयातली कपाटंही पाण्यात होती. पूर ओसरल्यावर खतावण्या (सभासदांच्या खात्यांच्या वह्या) आणि रोजकीर्दी (रोजच्या जमाखर्चाच्या वह्या) मी आणि शिपाई शाळेच्या गच्चीवर पानापानाने वाळवत होतो. काही पानांवर शाई उरली नव्हती, नुसत्या रेघा होत्या. दप्तर संगणकात असावं, ही माझी इच्छा त्या गच्चीवरची आहे.

केंद्राची योजना यायच्या आधी आमच्या एका सोसायटीने खासगी कंपनीकडून स्वतःपुरती प्रणाली करून घ्यायचं ठरवलं होतं. दोन तरुण मुलं आली. हुशार होती, नम्र होती. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "तुमचे नियम सांगा." मी ११ नियम सांगितले, त्यांनी ते लिहून घेतले. पंधरा दिवसांनी ती मुलं प्रोजेक्टर घेऊन आली आणि सोसायटीच्या चुन्याच्या भिंतीवर त्यांनी एक आकृती दाखवली. सभासद, जमीन, पीक, कर्ज, अशा चार चौकटी आणि मध्ये बाण. एका सभासदाच्या अनेक जमिनी, एका जमिनीत एकामागून एक पिकं, एका पिकाला एक कर्ज, एका कर्जाची त्या पिकातून वसुली. चेअरमन म्हणाले, छान. संचालकांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. त्यात चुकीचं काय म्हणणार? 'सभासद' असं लिहिलेल्या चौकटीला कुणी खोटं म्हणू शकत नाही.

चहा होईपर्यंत माझ्या मनात काही आलं नाही. मग सहज, मुलांना खरं दप्तर दिसावं म्हणून, मी खतावणी उघडली आणि एक पान समोर ठेवलं. म्हटलं, हे एक खातं तुमच्या चौकटीत भरून दाखवा.

खातं साधं होतं. सातबाराला ४० आर (१०० आर म्हणजे एक हेक्टर). जुलैत आडसाली ऊस लावलेला, त्यात सोयाबीनचं आंतरपीक. हिशोबाला सोपं जावं म्हणून कर्जदर, म्हणजे हेक्टरी किती कर्ज द्यायचं तो आकडा, दीड लाख धरू, म्हणजे उसाला ६०,००० रुपये. मुलाने ४० आर ऊस भरला, मग ४० आर सोयाबीन भरलं, आणि पडद्यावर लाल अक्षरं आली : क्षेत्र जादा. जमीन ४० आर आणि पिकं ८० आर, हे यंत्राला मान्य नव्हतं. त्यांच्या आकृतीत पिकं एकामागून एक येत होती. आपल्या रानात ती एकाच वेळी, एकाच सरीत उभी असतात.

हे त्यांनी पाच मिनिटांत दुरुस्त करता येईल म्हणून सांगितलं, आणि ते खरंच होतं. खरी अडचण पुढच्या ओळीवर आली.

आडसाली ऊस रानात १६ ते १८ महिने असतो. १ जुलैला उचल केलेल्या कर्जाची मुदत पुढच्या जूनअखेर संपते आणि ऊस तर त्यानंतरच्या डिसेंबरात किंवा जानेवारीत तुटतो. व्याजाची सवलत हवी असेल तर फेड मुदतीतच झाली पाहिजे. आज ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडणाऱ्याला शून्य टक्क्याने पडतं, त्यामुळे ही मुदत चुकवणं कुणालाच परवडत नाही. पण जूनमध्ये पैसे येणार कुठून? ऊस तर उभा आहे. मग गावात जे होतं त्याला सगळे 'नवं-जुनं' म्हणतात. सभासद कुणाकडून तरी चार-पाच दिवसांसाठी ६०,००० घेतो, सोसायटीत भरतो, जुनं कर्ज निल होतं, आठवड्याभरात नवं मंजूर होतं, त्यातून तो उसने पैसे परत करतो. उसने देणारा नातेवाईक असला तर ठीक. नसला तर शेकडा दोनने महिना पुरा धरतो, म्हणजे १,२०० रुपये. पाच दिवसांचे.

हे सगळं त्या एका पानावर होतं. जूनच्या शेवटी ६०,००० जमा, जुलैच्या पहिल्या आठवड्यात ६०,००० नावे, म्हणजे नवं कर्ज. मुलगा म्हणाला, "काका, म्हणजे पीक एकच आणि कर्जं दोन? आणि पहिल्या कर्जाची वसुली पिकातून नाहीच?" मी म्हटलं, नाही. "मग आमच्या अहवालात हे पीक निघालं, विकलं, कर्ज वसूल झालं असं दिसेल." हो, तसंच दिसलं असतं. वसुली १०० टक्के. आणि शून्य टक्क्याच्या कर्जापायी त्या माणसाच्या खिशातून गेलेले १,२०० रुपये कुठल्याच चौकटीत नाहीत.

त्या मुलाने मला विचारलं, "काका, हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?" त्याच्या बोलण्यात राग नव्हता, पण तो प्रश्न मला लागला. कारण मी लपवलं नव्हतं. मला आठवलंच नव्हतं. ३१ वर्षांत मी हजारो नवी-जुनी केली असतील, पण 'नियम सांगा' म्हटल्यावर जे ११ नियम तोंडातून निघाले त्यात नवं-जुनं नव्हतं, आंतरपीक नव्हतं, सामाईक सातबारा नव्हता. ते ज्ञान माझ्या जिभेवर नव्हतंच, हातात होतं. खातं समोर आलं तेव्हा हाताला आठवलं.

म्हणूनच माझं म्हणणं आहे की, व्यवसायाची आकृती कितीही विचारपूर्वक काढा, तिच्या शेजारी खरं, आकड्यांनिशी सोडवलेलं खातं मांडल्याशिवाय ती बरोबर की चूक हे जाणकार माणसालासुद्धा कळत नाही. चौकट पाहून माणूस मान डोलावतो. खातं पाहून तो म्हणतो, "थांबा, हे असं होत नाही."

आपल्या मराठीत तर ही शिस्त जुनीच आहे. शाळेत आम्ही गणिताच्या प्रश्नाला 'उदाहरण'च म्हणायचो. आधी रीत, रीतीखाली सोडवून दाखवलेलं उदाहरण, मग उत्तर पडताळून पाहायचा ताळा. व्याजाचं सूत्र (मुद्दल गुणिले दर गुणिले मुदत, भागिले १००) तोंडपाठ असलेला मुलगासुद्धा 'अडीच महिन्यांचं व्याज किती' म्हटल्यावर अडखळायचा, कारण मुदत वर्षांत धरायची हे सूत्रात लिहिलेलं नसतं, उदाहरण सोडवतानाच ते कळतं. गुरुजी फळ्यावर उदाहरण पुसायचे, रीत ठेवायचे. मला वाटतं, दोन्ही ठेवायला हवं होतं.

माझी पुतणी पुण्यात सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते. तिला ही हकिगत सांगितली तर ती म्हणाली, काका, आमच्याकडेही अनेकांनी हाच धडा घेतलाय. अमेरिकेतल्या वॉर्ड कनिंगहॅम यांनी २००२ मध्ये 'फिट' नावाचं साधन केलं. त्यात व्यवसायातली माणसं साध्या तक्त्यात उदाहरणं लिहितात, म्हणजे अमुक दिलं तर अमुक आलं पाहिजे, आणि संगणक ती उदाहरणं प्रणालीवर चालवून कुठलं जुळलं नाही ते दाखवतो. पुढे २००८ मध्ये 'कुकंबर' आलं, त्यात अशी उदाहरणं बोलीसारख्या वाक्यांत लिहिता येतात. मला सगळ्यात आनंद झाला तो हे ऐकून की त्यात मराठी शब्दही चालतात. 'जेव्हा', 'तेव्हा', 'आणि', 'पण' अशा शब्दांनी ओळ सुरू करायची. म्हणजे "जेव्हा सभासद मुदतीच्या शेवटच्या दिवशी ६०,००० भरतो, तेव्हा त्याच्याकडून व्याज शून्य घेतलं जातं" हे वाक्य माझ्यासारखा सचिव वाचू शकतो, दुरुस्त करू शकतो आणि त्याच वाक्यावर संगणकाची परीक्षाही होते. नियम बदलला की सगळी जुनी उदाहरणं पुन्हा चालवायची. हा आपला ताळाच झाला.

पण तिने मला एक गोष्ट सुनावलीही, आणि ती मी इथे लिहिलीच पाहिजे. ती म्हणाली, काका, तुमच्याकडे ४० खाती लिहिलेली असली तरी ४१वं येणारच आणि ते कशासारखंच नसेल, तेव्हा नियम लागतो. हे मला माझ्या कामातूनच कळायला हवं होतं.

२००८ च्या सुमाराची गोष्ट. एक सभासद वारला. वारस नोंदीचा प्रश्न आला. माझ्याआधीच्या सचिवांच्या दप्तरात अशी सात-आठ प्रकरणं होती आणि प्रत्येकात थोरल्या मुलाने खातं आणि कर्ज आपल्या नावावर घेतलं होतं. मीही ते पाहून तसंच केलं. त्या सभासदाला दोन मुली होत्या. वडिलोपार्जित जमिनीत मुलींचा हिस्सा मुलाइतकाच, हे महाराष्ट्राने १९९४ मध्येच कायद्याने मानलं आणि ९ सप्टेंबर २००५ पासून ते केंद्राच्या हिंदू वारसा कायद्यातही आलं. 'वारस' हा शब्द मुलींना आत घेत होता. माझ्या दप्तरातली उदाहरणं घेत नव्हती. मी उदाहरणं पाहिली, शब्द पाहिला नाही. धाकटी मुलगी कार्यालयात येऊन माझ्यासमोर खुर्चीवर बसली आणि एवढंच म्हणाली, "मला कुणी विचारलंच नाही." ते प्रकरण पुढे निस्तरलं, पण त्या दिवशीचं माझं गप्प बसणं मला अजून टोचतं. तेव्हा नुसत्या उदाहरणांचा मी वकील नाही. जुनं उदाहरण जुना अन्यायही जपून ठेवतं. नियम आणि खातं एकमेकांशेजारी असले की एकाची चूक दुसऱ्यात दिसते.

निवृत्त झाल्यापासून मी एका दोनशे पानी वहीत अशी खाती लिहून काढतो आहे. नावं, गट नंबर बदललेले, पण आकडे आणि तारखा प्रत्यक्षात पडतील तशा. डाव्या पानावर नियम एका वाक्यात, उजव्या पानावर खातं रुपयापर्यंत सोडवलेलं. आज ४१ खाती आहेत. काही अगदी बारीक. सभासद म्हणतो "माझा एकरभर ऊस", सातबारा म्हणतो ४० आर. एकर म्हणजे ४० गुंठे, पण ते ४०.४७ आर होतात. हेक्टरी दीड लाखाने ४० आरचे ६०,००० आणि एकराचे ६०,७०५. सातशे पाच रुपयांचा फरक, आणि गावातल्या तीनशे खात्यांत तो पडला तर ताळेबंद जुळवता जुळवता मार्च संपतो.

तारखेचं एक खातं मला फार शिकवून गेलं. उचल १ जुलै २०२३. नियम : ३६५ दिवसांच्या आत फेड. सगळ्यांना कळतो असा नियम. २०२४ लीप वर्ष, २९ फेब्रुवारी मध्ये आली, म्हणून ३६५ दिवस ३० जूनला भरतात, १ जुलैला ३६६ होतात. आता ३० जून २०२४ हा वार रविवार. बँक बंद. सभासद सोमवारी सकाळी पैसे घेऊन दारात उभा. तो मुदतीत आहे की थकीत? 'एक वर्ष' धरणारा सचिव एक सांगेल, दिवस मोजणारा दुसरं, रविवार वगळणारा तिसरं. आम्ही हा प्रश्न येऊच देत नव्हतो. आठवडाभर आधी घरोघर फोन करून "शुक्रवारच्या आत भरा" म्हणून सांगायचो. पण संगणक फोन करत नाही, त्याला उत्तर आधीच लिहून द्यावं लागतं. कागदावर ही एक तारीख सोडवेपर्यंत नियमात फट आहे हे मलाही दिसलं नव्हतं.

शब्दांचंही तसंच. २०१७ च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत दीड लाखापर्यंतची माफी 'कुटुंबा'ला होती, आणि कुटुंब म्हणजे पती, पत्नी व १८ वर्षांखालील मुलं. व्याख्या स्पष्ट आहे. पण आमच्याकडे एका चुलीवर विधवा आई, दोन लग्न झालेले मुलगे, सुना, नातवंडं जेवतात. व्याख्येप्रमाणे ती तीन कुटुंबं. आईला मात्र विचारलं तर ती सांगणार, "आमचं एकच घर." रांगेत उभ्या माणसांना समजावताना मी पाटीवर असं एक घर काढायचो, आई एका वर्तुळात, मुलगे दोन वर्तुळांत. मग कळायचं. २०१९ च्या महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत २ लाखांची मर्यादा व्यक्तीला धरली, कुटुंबाला नाही. प्रणाली करणाऱ्याच्या दृष्टीने हा एका चौकटीचा बदल. गावाच्या दृष्टीने घरातल्या कुणाला काय मिळणार याचा सगळा हिशोब नव्याने.

म्हणून जिल्ह्यात जे हे काम करत आहेत त्यांना माझी विनंती आहे. प्रत्येक सचिवाकडून अडचणीची पाच खाती मागून घ्या. सोपी नकोत, ज्या खात्यांनी त्याला रात्री जागवलं ती मागा. नावं बदलून, हाताने सोडवून, शेवटचा आकडा रुपयांत. कृष्णाकाठचा आडसाली ऊस, तासगावची द्राक्षबाग, जतचं कोरडवाहू बाजरीचं रान, शिराळ्याचं भात, प्रत्येकाची खाती वेगळी निघतील. ती नियमाच्या शेजारी ठेवा आणि नियम बदलेल तेव्हा पुन्हा तपासा. प्रशिक्षणातही कुठलं बटण कशाला यापासून सुरुवात न करता एक खातं पहिल्या उचलीपासून निल होईपर्यंत चालवून दाखवा. तरुण सचिवांनाही सांगतो, भिंतीवर आकृती दिसली की मान डोलवायच्या आधी आपली खतावणी उघडा. त्यात कुणाचा अपमान नाही. त्या दोन मुलांनी माझे आभारच मानले होते.

वहीतलं ४१वं खातं अजून अर्धंच आहे. एक बाई निम्म्या वाट्याने दुसऱ्याचं रान करते. नवरा नाही. सातबारा मालकाच्या नावावर, सभासद मालक, कर्ज मालकाच्या खात्यावर. खत, बियाणं, भांगलण तिची, पाण्याची पाळी धरायला रात्री तीच जाते, आणि बिलातून कर्ज कापून उरलेल्याच्या निम्मं तिला. कर्ज फेडते ती, पण फेडल्याची नोंद तिच्या नावावर कुठेच नाही, त्यामुळे पुढच्या वर्षी स्वतःसाठी कर्ज मागायला आली तर दाखवायला तिच्याकडे कागद नाही. उजवं पान मी रुपयापर्यंत सोडवलं आहे. डाव्या पानावर तिला काय म्हणायचं, तो शब्द मला सापडलेला नाही. सातारा-सांगलीतल्या कुणा सचिवाने असं खातं कधी लिहून ठेवलं असेल तर ते याच सदरातून जरूर कळवावं.

आपला,
एक निवृत्त गटसचिव
ता. पलूस, जि. सांगली